तीन एकोणतीस

तिथल्या घड्याळात रात्रीचे अकरा एकोणसाठ
म्हणजे आपल्याकडे पहाटेचे तीन एकोणतीस.
हा हिशेब मी चार वेळा ताडून पाहिला,
मग बयनाबाईला सांगितला.
ती म्हणाली, बरं हाये,
जारं काढाचीच येर हाये ते.

गेल्या वर्षी त्यांनी कळवलं होतं:
यंदाचे अर्ज विलक्षण तोलामोलाचे होते,
आपण निराश होऊ नये.
मी तिला ते समजावून सांगितलं.
डोंगा ओढता ओढता ती म्हणाली,
मंग पुढच्या साली वाईट येतीन. तवा भरजो.

तर भरते आहे.

आडनाव: वलथरे.
दहावीच्या गुणपत्रिकेत डब्ल्यू, पदवीवर व्ही,
पासपोर्टात शेवटचा ई गळालेला.
या तिघीही मीच, असं मुद्रांकावर
अर्जुनीच्या तहसिलीत शपथेवर सांगून आले.
बाबूने विचारलं, नोकरी लागली काय बाहेर?
म्हटलं, नाही, दोन वर्षं पाण्यातलं गवत पाहायचंय.
त्याने शिक्का जरा हळूच मारला.

नेटवर्क फक्त पाळीवर, तेही सांडव्यापासून बारा पावलांवर.
उपड्या घमेल्यावर लॅपटॉप,
बेशरमीच्या फोकाला मोबाईल टांगलेला.
हीच बेशरम उपटायची म्हणून सगळा अर्ज,
आणि आज तीच माझा टॉवर.

संशोधनाचं जागतिक महत्त्व, अडीचशे शब्दांत.
मी लिहिते: तलावातली बेशरम काढून
गाद, चिला, चिऊल परत लावली
तर दाडक किती दिवसांत परत येतो.
शब्द झाले वीसही नाहीत.
उरलेल्या जागेत जग घालायचं आहे.

उपकरणे:
स्टीलचं एक ताट, अर्धं काळं रंगवलेलं, दोरीला गाठी.
ताट दिसेनासं होईल ती गाठ मोजायची.
(ताट आईचं. हे लिहिलं नाही.)

संदर्भसूची.
आधी गाद लाव, ते धरली का मंग चिला,
असं जिने पहिल्याच दिवशी सांगितलं,
आणि जे खरं आहे एवढंच
माझे तीन वर्षांचे आलेख सांगतात,
तिला कुठे ठेवू?
मेश्राम, बयनाबाई. व्यक्तिगत संवाद.
पिंपळबोडी, छातीभर पाण्यात.
चौकोन लाल झाला: वर्ष लिहा.
मी पाळीवरून ओरडून विचारलं, कधीपासून ठाव आहे तुले?
पाण्यातून आवाज आला, लगनाच्या आंधीपासून वो!
अंदाजाने एकोणऐंशी टाकलं.
लाल गेला.

दोन पन्नास. सरांचं शिफारसपत्र अजून प्रलंबित.
सर नागपुरात झोपलेले.
तिसऱ्या रिंगला उचलतात, आणि आवाजात
झोपेपेक्षा ओशाळलेपण जास्त.
तीन बाराला पत्र येतं.
डब्ल्यूने लिहिलंय.
असू दे.

हजारात नऊ जण घेतात म्हणे.
आमच्या जाळ्याचा हिशेब याहून बरा आहे,
पण जाळ्याला कुणी कारण विचारत नाही,
पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता, तेही नाही.
त्या प्रश्नाला मी आधी "प्राध्यापक" लिहिलं होतं,
मग खोडून "याच तलावात",
मग तेही खोडलं, कारण जायचं ठरवून
कुणी असं लिहितं का.
शेवटी काय ठेवलं ते आता आठवत नाही.

तीन चोवीसला बटण दाबलं.
पांढरं चाक गरगर फिरू लागलं.

येतेस का वो? दुसरं टोक कोन धरंल?

मोबाईल फोकालाच राहू दिला.
पाणी आधी थंड, मग कोमट.
जाळ्यात चार कटवे, एक बोटरी,
आणि बयनाबाईने बॅटरी जवळ धरली:
दाडक.
चार वर्षांत पहिला.
हे लिवलं का तुह्या फारमात?

वर पाळीवर उजेडाचा ठिपका होता.
चाक थांबलं की फिरतंय, इथून दिसत नव्हतं.
मी वितीने मोजलं: सात इंच.
वही वर, हात ओले.
सात, सात, म्हणत
पाळ चढू लागले.